पाणीच तर आहे!

दसऱ्याला गाडी धुतली जाते, पुसली जाते, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक येतं, चाकाखाली लिंबू येतं आणि पुढच्या जाळीला झेंडूचा टपोरा हार बांधला जातो. हा हार बहुधा दिवाळीपर्यंत तसाच राहतो, कारण घालायचा कधी हे सगळ्यांना ठाऊक असतं, काढायचा कोणी हे कुठल्याच पोथीत नाही. मग वाळलेल्या पाकळ्या वाऱ्याबरोबर आत शिरतात आणि एसीचा कंडेन्सर नि त्यामागचा रेडिएटर यांच्या नाजूक पत्र्यांत रुतून बसतात. ज्या जाळीतून इंजिनाला वारा मिळायचा ती आपण भक्तिभावाने बुजवतो आणि वर म्हणतो, "देवाच्या दयेने गाडीने कधी त्रास दिला नाही."

पूजेत स्टिअरिंगला फूल मिळतं, चाकांना मिळतं, एखाद्या उत्साही पोराच्या हातून सायलेन्सरलाही मिळतं. पण बॉनेटखाली एक दुधट प्लॅस्टिकची टाकी असते, तिच्यावर दोन रेघा असतात आणि त्या दोन रेघांच्या मध्ये रंगीत द्रव असावा अशी अपेक्षा असते. तिला कोणी हळदकुंकू वाहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पेट्रोलला मान आहे, कारण त्याचे पैसे डोळ्यांदेखत जातात. ऑइलला मान आहे, कारण सर्व्हिसिंगच्या बिलात ते वरच्या ओळीत असतं. टायरला मान आहे, कारण भर पावसात पंक्चर होऊन तो आपला मान वसूल करतो. कूलंटचा विषय निघाला की मात्र मराठी माणूस तीन शब्दांत निकाल देतो: "पाणीच तर आहे!"

आता त्यात निम्मं पाणीच असतं हे खरं. पण हे 'पाणी' काय करतं ते पाहा. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलचा ढोबळ हिशेब असा मांडतात की त्यातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग चाकं फिरवण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला एक तृतीयांश कूलंट उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. म्हणजे आपण शंभराचं पेट्रोल भरलं की त्यातले तीसएक रुपये कूलंटच्या ताब्यात देतो, आणि त्याचं काम एकच: ते बाहेर वाऱ्यावर सोडून द्यायचे. इतक्या प्रामाणिकपणे आपले पैसे उधळणारं दुसरं खातं शोधून सापडणार नाही. ते जर एखाद्या दिवशी काटकसरीला लागलं, तर इंजिनाचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि गॅरेजवाला बिल हातात देण्याआधी आपल्याला बसायला खुर्ची देतो.

पाण्यावाचून मोटारीचं पान हलत नाही, हे तिच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात कळून चुकलं होतं. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ यांनी आपल्या यजमानांनी, म्हणजे कार्ल बेंझ यांनी, बनवलेली तीनचाकी गाडी त्यांना न सांगता बाहेर काढली, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतलं आणि जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. फोर्त्सहाइमला त्यांची आई राहायची. म्हणजे मोटारीच्या इतिहासातली पहिली लाँग ड्राइव्ह ही चक्क माहेरची वारी होती. हा मुद्दा आमच्या घरात फार उशिरा पोहोचला, पण पोहोचल्यापासून दर दिवाळीच्या सुट्टीत वापरला जातो. त्या गाडीतलं पाणी इंजिनाभोवती उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं, त्यामुळे ओढा दिसला की थांब, खानावळ दिसली की थांब, असं करत बाई निघाल्या होत्या. इंधन संपलं ते वीसलॉखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं, इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनने मोकळी केली. पुढे 1901 च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख यांनी 8,070 बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर बनवला, तेव्हा कुठे ही पाण्यासाठीची वणवण थांबली.

म्हणजे तिकडे थांबली. आपल्याकडे खंबाटकी, कसारा आणि खंडाळ्याच्या घाटात ती पुढेही कित्येक दशकं व्यवस्थित चालू होती.

प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या जमान्यात घाट चढायचा म्हणजे मध्ये थांबायचं, हे गृहीतच असे. डिकीत पाण्याचा कॅन असे, मूळचा गोडेतेलाचा, त्यामुळे रेडिएटरलाही थोडी फोडणी मिळे. काटा लाल पट्ट्याकडे सरकला की गाडीतल्या गप्पा थांबत. मग वळणावर, जिथे आधीच चार गाड्या बॉनेट वासून उभ्या असत, तिथे आपली पाचवी. घरातला एक काका या कामासाठी राखून ठेवलेला असे. तो ओलं फडकं हाताला गुंडाळी, "सगळे लांब व्हा!" अशी गर्जना करी आणि झाकण अर्धं फिरवून स्वतः उडी मारी. वाफेचं कारंजं उडे, पोरं टाळ्या वाजवत, आई चिवड्याचा डबा उघडे. कित्येकांच्या लहानपणीच्या सहलींतलं हेच सगळ्यात लक्षात राहिलेलं प्रेक्षणीय स्थळ आहे.

ती पिढी आता आजोबा झाली आहे आणि तिचं मत पक्कं आहे. "कूलंटबिलंट कंपन्यांची फॅडं. आम्ही आयुष्यभर नळाचं पाणी घातलं." आयुष्यभर घातलं हे खरं. आयुष्यभर घाटात थांबले हेही खरं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, पण त्यांचं शास्त्र अजून सोसायटीच्या पार्किंगमध्ये धावतं आहे.

हे शास्त्र मे महिन्यातल्या एका रविवारी मी जवळून पाहिलं. आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला आहे, जिथे पाणी टँकरने येतं आणि टँकर ट्रॅफिकमध्ये अडकतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ठरवलं की गाडीचं कूलंट घरीच बदलायचं. गॅरेजवाला मजुरीचे पैसे घेतो हे त्यांना मान्य होतं, पण तो ते काकांना न विचारता ठरवतो, हे मान्य नव्हतं. सकाळी आठ वाजता त्यांनी बॉनेट उघडलं.

बॉनेट उघडलं की पुरुष जमतात. हाक मारावी लागत नाही. पाच मिनिटांत पद्मिनीवाले आजोबा आले, मेकॅनिकल करून आयटीत गेलेला एक तरुण आला, "सरळ गॅरेजला द्या" एवढंच म्हणणारे एक गृहस्थ आले आणि वॉचमन आला. वॉचमन लातूरकडचा, गावी ट्रॅक्टर चालवलेला. सगळ्यांत कामाचा प्रश्न त्यानेच विचारला. "काका, इंजन गार हाय का?"

हा प्रश्न साधा नाही. चालू गाडीतलं कूलंट शंभर अंशांच्या आसपास असतं आणि ते दाबाखाली कोंडलेलं असतं. रेडिएटरचं झाकण हे कुकरच्या झाकणासारखंच, आत दाब धरून उकळी लांबवणारं. साध्या पाण्याला समुद्रसपाटीवर 100 अंशांना उकळी फुटते, महाबळेश्वरला साधारण 95 लाच फुटते. निम्मं पाणी नि निम्मं ग्लायकॉल असं कूलंट आणि वर घट्ट झाकण असेल तर तीच उकळी 125 च्या पलीकडे जाते. पण झाकण उघडलं की दाब क्षणात उतरतो आणि आतला द्रव एकदम उसळून अंगावर येतो. कुकर पडल्याशिवाय झाकणाला हात लावू नये, हे आपल्या घरात पाच वर्षांच्या मुलीलाही माहीत असतं. बॉनेटखाली तेच झाकण पन्नाशीचा गृहस्थ खुशाल पिळतो, कारण तिथे शिट्टी वाजत नाही.

काकांची गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार होतं. काका खाली चटईवर आडवे झाले. रेडिएटरच्या तळाला प्लॅस्टिकची एक छोटी तोटी असते, ती वर्षानुवर्षं कोणी फिरवलेली नसते. तिने काकांना ओळख दिली नाही. पकडीने फिरवावी तर मोडेल, न फिरवावी तर कार्यक्रम संपतो. शेवटी वॉचमनने हात घालून ती अलगद सोडवली. करंगळीएवढी धार लागली आणि थांबली. "झालं, संपलं," आजोबा म्हणाले. आयटीवाल्याला तेवढ्यात दुसऱ्या वर्षाचा एक धडा आठवला आणि त्याने वरचं झाकण काढलं. वरून हवा मिळताच खालची धार एकदम भकाभका सुटली, ती बादलीत कमी आणि काकांच्या बाहीत जास्त. चार वर्षांच्या शिक्षणाचा त्याला पहिल्यांदाच उपयोग झाला होता, त्यामुळे त्याला कोणी बोललं नाही.

जे बाहेर आलं ते मूळचं हिरवं होतं असं काकांचं म्हणणं. आता ते विटकरी होतं. त्यात गंजाचे कण होते, आणि झाकणाच्या आतल्या कडेला पांढरा थर जमला होता. तो थर आमच्या टँकरचा. आमच्या इमारतीत केस गळतात म्हणून शॉवरला फिल्टर बसवलेली घरं आहेत, पिण्याला आरओ तर सगळीकडे आहे. पण कूलंट कमी झालं की पार्किंगच्या नळाचं जड पाणी बाटलीत भरून गाडीत ओततात. त्यातले क्षार मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. इंजिनाला टक्कल पडत नाही, एवढाच काय तो फरक.

एवढ्यात गॅलरीतून काकूंचा आवाज आला. "अहो, ते पातेलं कुठलं घेतलंत?"

बादली भरल्यावर काकांनी घरातून जे पातेलं आणवलं होतं ते साबुदाणा भिजवायचं निघालं. नरसाळंही तेलाच्या डब्याचं होतं. यावर वरून जे भाष्य झालं ते इथे देत नाही. खाली जमलेल्या सगळ्या पुरुषांनी त्या काळात रेडिएटरचं फार बारकाईने निरीक्षण केलं.

मग चर्चा रंगाकडे वळली. दुकानात कूलंट हिरवं मिळतं, गुलाबी मिळतं, भगवं मिळतं, निळं मिळतं. महाराष्ट्रात प्रत्येक रंगाला मतदार असल्यामुळे इथेही तट पडले. "गुलाबी भारी असतं," असं एकजण म्हणाला. खरी गोष्ट अशी की रंग हा फक्त घातलेला रंग असतो, सगळ्या कंपन्यांनी पाळावा असा त्याचा काही नियम नाही. रंगावरून आतला माल ओळखता येत नाही, आणि वेगवेगळ्या जातींची युती केली तर कधी कधी आत चिकट गाळ धरतो. हे मी कूलंटबद्दलच बोलतो आहे. जुन्या धाटणीच्या कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं साधारण दोन वर्षांत किंवा 40,000 किलोमीटरमध्ये खर्ची पडतात, नव्या सेंद्रिय आम्लांच्या जातीची पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतात. द्रव तसाच दिसतो, रंगही तसाच, फक्त जोर गेलेला. आपल्या गाडीला कुठलं चालतं नि कधी बदलायचं, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या जुन्या कागदांखाली, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं.

काकांनी पुस्तक वाचलं होतं. त्यांनी आणलेली बाटली कॉन्सन्ट्रेटची, म्हणजे पाणी घालून वापरायची होती. इथे आजोबांनी हरकत घेतली. एवढे पैसे मोजून आणलंय तर त्यात पाणी कशाला घालायचं? आपण शुद्ध तुपाची, शुद्ध मधाची, शुद्ध हळदीची माणसं. पाणी मिसळलेलं ते कमअस्सल, हा संस्कार रक्तात आहे. पण ग्लायकॉलचा स्वभाव या संस्कारात बसत नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपास गोठतं आणि त्यात निम्मं पाणी घातलं की गोठणबिंदू उणे 37 पर्यंत खाली जातो. शिवाय उष्णता उचलण्याची त्याची ताकद पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त, त्यामुळे नुसतं ग्लायकॉल भरलेलं इंजिन जास्तच तापतं. आणि याउलट, जे आधीच पाणी घालून तयार मिळतं त्यात लोक 'थोडं वाढवावं' म्हणून आणखी लिटरभर पाणी घालतात. बाटलीवर स्पष्ट छापलेलं असतं, पण छापलेलं खरं मानायची आपल्याला सवय नाही.

उणे 37 हा आकडाही आपल्याकडे पुष्कळ करमणूक करतो. चंद्रपूरच्या दुकानात मे महिन्यात, बाहेर पारा 45 च्या वर असताना, गिऱ्हाईक बाटली फिरवून वाचतं आणि विचारतं, "इथं काय गोठायचं हो, भाऊ?" प्रश्न रास्त आहे. पण बाटली घ्यायची ती दुसऱ्या टोकासाठी, म्हणजे उकळी लांबावी म्हणून आणि आत गंज चढू नये म्हणून. गोठण्यापासूनचं संरक्षण विदर्भाला फुकट मिळतं.

पुढचं काम वेळखाऊ. तळाच्या तोटीतून इंजिनातलं सगळं कूलंट बाहेर येत नाही, बरंचसं आतल्या पोकळ्यांत राहतं. म्हणून डिस्टिल्ड पाणी भरायचं, पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवायचं, बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहायचं. फ्लश मारणं म्हणतात ते हे. यात काम थोडं आणि इंजिन गार होण्याची वाट पाहणं फार. त्यामुळे पोहे झाले, चहा झाला, पाणीपट्टीवर चर्चा झाली. गॅरेजला द्या म्हणणारे गृहस्थ दोनदा घरी जाऊन परत आले, दोन्ही वेळा "अजून चाललंय?" असं विचारत.

मधल्या वेळात काकांनी ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याने न बघता निदान केलं. "थर्मोस्टॅट काढून टाका काका, कटकटच नको." आपल्याकडे या बिचाऱ्या थर्मोस्टॅटइतका अन्याय कोणावर झाला नसेल. त्याच्या पोटात मेण असतं. साधारण 82 ते 88 अंशांच्या दरम्यान ते वितळून फुगतं आणि रेडिएटरकडे जाणारी वाट उघडतं. तोपर्यंत वाट बंद, म्हणजे इंजिन लवकर ऊब धरतं. वीज नाही, सेन्सर नाही, नुसतं मेण. गाडीतली इतकी शहाणी वस्तू उपटून फेकली की गाडी तापत नाही हे खरं, पण थंडीच्या सकाळी ती नीट गरमही होत नाही आणि पेट्रोल जास्त पिते. डोकं दुखतं म्हणून डोकंच काढायचा हा उपाय घाटावरच्या अनेक गाड्यांवर झालेला आहे.

शेवटी नवं कूलंट भरलं, आणि मग हवा काढायची वेळ आली. भरताना आत हवेचे बुडबुडे अडकतात. अडकलेल्या बुडबुड्याशेजारचा भाग कोरडाच तापतो नि काटा उगाच नाचतो. ही हवा बाहेर पडावी म्हणून गाडीचं नाक चढावर ठेवायचं, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करायचं आणि आतला हीटर पूर्ण गरमवर लावायचा, म्हणजे त्याच्या नळ्यांतूनही कूलंट फिरतं. गाडी रॅम्पवर चढवली. काका वरची होज पाइप दाबत उभे राहिले, आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला कोणीतरी विश्वासाचं हवं म्हणून काकूंना बोलावलं. त्या आत बसल्या. बाहेर 39 अंश, आत हीटर.

"अहो, एसी चुकून गरमवर लागलाय."

"चुकून नाही. तसाच ठेव."

यानंतर काकू जे गप्प बसल्या ते रॅम्पवरच्या सगळ्यांना ऐकू आलं. झाकणापाशी एक मोठा बुडबुडा फुटला, मग छोटे फुटले, पातळी खाली गेली, काकांनी वरून आणखी भरलं. पंखा लागला. झाकण बसलं. काम उत्तम झालं होतं, हे मला मान्यच करायला हवं. गॅरेजमध्ये इतक्या सावकाशीने कोणी करत नाही. खर्च वाचला का, याचं उत्तर पातेलं, नरसाळं आणि काकूंची संध्याकाळ धरून काढावं लागेल.

उरली ती विटकरी पाण्याची बादली. गृहस्थ म्हणाले, "गटारात सोडा." आजोबा म्हणाले, "झाडांना घाला, पाणीच तर आहे." वॉचमनने मात्र पार्किंगमधलं मांजर आधीच हुसकावलं होतं. गावाकडे या पाण्याने कुत्री गेलेली त्याने पाहिली होती.

तेवढी एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मुलंही चाटतील. शरीरात गेल्यावर त्यापासून तयार होणाऱ्या ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. तेव्हा जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका आणि उघड्या बादलीत एक रात्रही ठेवू नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला नेऊन द्या. आणि या कामाला वापरलेलं पातेलं घासूनपुसून गुपचूप परत मांडणीवर ठेवू नका. ते कायमचं गॅरेजचं झालं, घरात नवीन आणा.